जुना खेळ परत मिळतो, मग हरवले काय?

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य आजी-आजोबांच्या तोंडी शोभून दिसते. त्यांनी कंदिलाखालचा अभ्यास पाहिला, विहिरीवरचा रहाट पाहिला, बैलगाडीतून बाजाराला जाणारी भाजी पाहिली. पण हल्ली हेच वाक्य आम्हां वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीही वरचेवर येऊ लागले आहे. महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये चार-पाच जण जमले की कोणीतरी ‘काय दिवस होते यार ते!’ म्हणून सुस्कारा सोडतो. मग गाडी टीव्ही गेमवर जाते, बाबांच्या बटणांच्या मोबाइलमधल्या सापावर जाते, शाळेच्या संगणक कक्षातल्या मोटारींच्या शर्यतीवर जाते. मोठी माणसे हे ऐकून हसतात. ‘कालपरवा जन्मलात आणि लगेच आठवणी काढायला बसलात?’ असे विचारतात.

त्यांचे हसणे आम्हांला समजते. तरीही हा विषय नुसता हसण्यावारी नेऊ नये असे वाटते. आजोबांच्या बैलगाडीने तीन पिढ्या पाहिल्या. आमच्या हातात मात्र पंधरा वर्षांत टीव्ही गेम, बटणांचा फोन, सीडीवरचे खेळ, टचस्क्रीन आणि इंटरनेटवर अनोळखी माणसांबरोबर खेळायचे खेळ असे एकामागून एक आले, आणि त्यांतले बरेचसे गेलेही. वस्तू लवकर जुन्या झाल्या म्हणून आमच्या आठवणीही लवकर जुन्या झाल्या. शिवाय आमचे वयच असे आहे की मागे बालपण संपले आहे आणि पुढचे काही दिसत नाही. नोकरी कुठे मिळेल, परदेशी जावे लागेल का, स्वतःचे घर कधी होईल, याचे उत्तर कोणाकडेच नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक बाजूला सारून लहानपणीच्या खेळाचे व्हिडिओ पाहत बसणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत.

तेव्हा प्रश्न असा पडतो की गेलेल्या दिवसांची ही ओढ म्हणजे नक्की काय? त्या दिवसांतले आपल्याला नेमके काय परत हवे असते? आणि ही ओढ आपल्याला पुढे चालायला बळ देते, की पाय मागे खेचते?

एका विद्यार्थ्याने घडवलेला शब्द

या भावनेला मराठीत ‘स्मरणरंजन’ असे म्हणतात आणि ‘गतकातरता’ असेही म्हणतात. पहिल्या शब्दात मजा आहे, दुसऱ्यात हुरहुर आहे. इंग्रजीतला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दही आता आपल्या बोलण्यात रुळला आहे. विशेष म्हणजे हा शब्द एका विद्यार्थ्यानेच घडवला. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध सादर केला. तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने हे नाव तयार केले. घरापासून दूर राहणारी माणसे खंगत जातात, त्यांची झोप उडते, अन्न गोड लागत नाही, हे त्याने पाहिले होते. त्या काळी ती भावना नव्हे, तर चक्क आजार मानला गेला.

होफरने दिलेल्या उदाहरणांपैकी एक आम्हांला फार जवळचे वाटते. बर्न गावचा एक तरुण शिक्षणासाठी बाझेलला राहिला होता. तो तापाने अंथरुणाला खिळला आणि त्याची आशा उरली नाही. अखेर त्याला घरी पाठवायचे ठरले. निघायची तयारी सुरू झाली तसा त्याला आराम पडू लागला, आणि बर्नला पोहोचण्याआधी, वाटेतच तो बरा झाला. घराचा उंबरठा अजून दूर होता. त्याला बरे केले ते घराच्या भिंतींनी नव्हे. आपण आपल्या माणसांकडे चाललो आहोत या जाणिवेने केले, असे आम्हांला वाटते.

पण बर्नला परत जाता येते. बालपणाला परत जायला रस्ता नाही. इथेच आमच्या काळातील खेळांची गोष्ट निराळी आणि विचार करण्याजोगी ठरते.

खेळ तोच, मग आनंद कुठे गेला?

आजोबांना त्यांचे लहानपण परत देता येत नाही. कौलारू घराच्या जागी इमारत उभी राहिली, विहीर बुजली, आंब्याचे झाड वादळात पडले. समजा, ते सगळे परत आले असते तर त्यांना पूर्वीइतकाच आनंद झाला असता का? हे तपासून पाहायला काहीच साधन नाही. व्हिडिओ गेमचे तसे नाही. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ साली काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आजही जसाच्या तसा खेळता येतो. त्यातल्या विटा तेवढ्याच, खड्डे तिथेच, संगीत तेच. आपल्याकडची मुले ज्या टीव्ही गेमवर हा खेळ खेळली, ती यंत्रे बहुतांशी निन्टेंडोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती. मोठ्या भावंडांकडून धाकट्यांकडे येत येत ती आमच्यापर्यंत पोहोचली. खुद्द निन्टेंडोने २०१६ साली आपले जुने यंत्र लहान आकारात, तीस खेळ भरून, पुन्हा बाजारात आणले.

म्हणजे आपल्याला एक प्रयोगच करून पाहता येतो. हरवलेली वस्तू तंतोतंत परत मिळाली, तर हरवलेला आनंदही परत मिळतो का?

आमच्यापैकी अनेकांनी हा प्रयोग केला आहे. जुना खेळ मोबाइलवर उतरवून घेतला की पहिली दोन मिनिटे अंगावर काटा येतो. ते संगीत ऐकून डोळे भरून येणारेही आहेत. पण दहा मिनिटांत कंटाळा येतो आणि फोन खाली ठेवला जातो. खेळात तर काहीच कमी झालेले नाही. मग कमी पडले ते खेळाच्या बाहेरचे असले पाहिजे.

आठवून पाहिले की ते एकेक करून समोर येते. मे महिन्याची दुपार. घरात एकच टीव्ही, रिमोट दोन आणि खेळायला बसलेली सहा-सात चुलत-मावस भावंडे. कॅसेट लागली नाही की ती उपसून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फुंकर कोण चांगली मारतो यावरही वाद. आपला गडी मेला की रिमोट पुढच्याच्या हाती द्यायचा आणि मागे बसून त्याला ‘उडी मार, उडी मार!’ म्हणून ओरडायचे. अडॅप्टर तापला की आजीने ‘बास आता, टीव्ही जळेल’ म्हणायचे. शेवटच्या टप्प्यावर पोहोचावे आणि वीज जावी. खेळ साठवून ठेवायची सोय नसल्यामुळे वीज आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

‘काँट्रा’ नावाचा खेळ दोघांनी मिळून खेळायचा असे. त्यात धबधब्यावर चढण्याचा एक टप्पा आहे. तिथे एक जण घाईने वर चढत गेला की पडदाही त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेल्याचा जीव जातो. कितीतरी भांडणे त्या धबधब्यावर झाली. पण जोडीदारासाठी क्षणभर थांबायचे असते हेही कित्येक मुले तिथेच शिकली. तो टप्पा आज एकट्याने खेळताना कोणासाठी थांबावे लागत नाही. अडत काहीच नाही, आणि म्हणूनच त्यात मनही अडकत नाही.

बदकांवर नेम धरायचा ‘डक हंट’ हा खेळही अनेकांना आठवत असेल. त्या प्लास्टिकच्या बंदुकीतून काहीच सुटत नसे. उलट घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदूक तो उजेड टिपून घेई. ही करामत जुन्या, जाड काचेच्या टीव्हीवरच चालायची. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे ती जुनी बंदूक तिथे आंधळी होते. बदके उडतात, बंदूक शाबूत आहे, तरी नेम लागत नाही. आमच्या आनंदाचेही तसेच आहे. तो त्या खोलीसाठी, त्या गर्दीसाठी बनलेला होता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की जुन्या खेळाची ओढ ही मुळात खेळाची ओढ नाही. आपल्याला कोणीतरी जवळ बसवून घेतले होते, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायला लावली होती, आपल्या जिंकण्यावर कोणीतरी ओरडले होते, याची ती आठवण आहे. ती माणसांनी दिलेली देणगी होती. यंत्राच्या नावावर ती आपण चुकून जमा केली.

इजिप्तचे कांदे आणि टाळेबंदीचे दिवस

आता या ओढीची दुसरी बाजूही पाहायला हवी. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात एक विलक्षण प्रसंग आहे. गुलामगिरीतून सुटलेले इस्राएली लोक वाळवंटात मान्ना खाऊन कंटाळले आणि त्यांना इजिप्त आठवू लागले. तिथले फुकटचे मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून ते रडू लागले. जेवणाचे पान तपशीलवार आठवले, पण विटा पाडताना मोडलेली पाठ आणि मुकादमाचा चाबूक मात्र त्या आठवणीत कुठेच नव्हता. ते खोटे बोलत नव्हते. कांदे खरोखरच होते. फक्त कांद्यांच्या शेजारी जे होते ते त्यांनी वगळले.

आमच्या पिढीचे इजिप्त म्हणजे २०२० सालची टाळेबंदी, असे म्हटले तर अनेकांना धक्का बसेल. पण हे खरे आहे. त्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि घरात सगळी माणसे एकत्र आली. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ साली काढलेला ‘लुडो किंग’ घरोघरी पोहोचला. बाबा आणि आजी एकाच मोबाइलवर सोंगट्या सरकवू लागले. रविवारची मिस्सा घरातल्या पडद्यावर आली आणि शेजारी बसून सगळ्यांनी ती ऐकली. आज आमच्या वयाची कितीतरी मुले म्हणतात, ‘लॉकडाऊनचे दिवस मस्त होते, परत यायला हवेत.’

हे वाक्य आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या अशा घरात म्हणून पाहावे, जिथून त्या वर्षी किंवा २०२१ च्या उन्हाळ्यात माणूस गेले. रुग्णालयात नेलेले माणूस ज्यांना पुन्हा नीट पाहता आले नाही, दफनविधीला ज्यांच्या दारात शेजारी येऊ शकले नाहीत, त्यांनाही ते महिने आठवतात. रोजंदारी बंद पडल्याने ज्यांनी दुकानदाराकडे उधारी मागितली, त्यांनाही आठवतात. महिने तेच, दिवस तेच. एकाला लुडो आठवतो, दुसऱ्याला रुग्णवाहिका.

घरातल्या घरातही हेच होते. आम्ही टीव्ही गेमच्या दुपारी रंगवून सांगतो तेव्हा आई म्हणते, ‘तुम्ही खेळत होतात, सात मुलांचा चहा कोण करत होते?’ आमच्या गटातल्या मुली सांगतात की रिमोट बहुधा दादालोकांच्याच हाती असे आणि त्यांची पाळी वीज जाण्याच्या सुमारास येई. म्हणजे ‘आपण सगळे खेळायचो’ या वाक्यातले ‘सगळे’ नेमके कोण, हे विचारायला हवे.

याचा अर्थ गोड आठवण टाकून द्यावी असा नाही. गोडवा खोटा नव्हता. पण फक्त गोडवा ठेवून बाकीचे गाळले तर ते स्मरण राहत नाही, नुसते रंजन उरते. खऱ्या स्मरणात दुसऱ्याच्या आठवणीला जागा असते. ती ऐकून घेतली की आपली आठवण उणी होत नाही. तिच्यात कृतज्ञता येते, कारण आपल्या आनंदाची किंमत कोणी मोजली हे कळते.

आठवण कोणाच्या ताब्यात?

या विषयाला एक नवी बाजू आहे, जी आजोबांच्या काळी नव्हती. आजोबांच्या आठवणी ट्रंकेत, फोटोंच्या अल्बममध्ये होत्या. आमच्या आठवणी दुसऱ्याच्या यंत्रांवर आहेत. दादा-ताईंच्या पिढीने ऑर्कुटवर मनापासून लिहिले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. इंटरनेटवरचे हजारो छोटे खेळ ज्या ‘फ्लॅश’वर चालत, त्याचा आधार २०२० च्या डिसेंबरअखेर संपला. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पब्जी मोबाइल’वर बंदी आली आणि कित्येक मित्रमंडळींचा रोजचा अड्डा उठला. बंदीचा निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. अड्डा किती कच्च्या जमिनीवर होता, हे त्यातून कळले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली दाखवून दिले की तिथे पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात सरळ विकत मिळत नाहीत.

जे उरते, त्याचे रक्षण करणारे थोडे आणि त्याचा व्यापार करणारे फार. जुना खेळ नव्या वेष्टनात, जुने गाणे नव्या जाहिरातीत येते, कारण हळवे झालेले मन लवकर खिसा उघडते हे विक्रेत्यांना पक्के ठाऊक आहे. फोनही सकाळी स्वतःहून ‘चार वर्षांपूर्वी आजच्या दिवशी’ म्हणून चित्र दाखवतो. काय आठवावे हे यंत्र निवडते आणि आपण हळवे होतो. त्या यंत्राला आईचा चहा ठाऊक नसतो, कारण त्याचा फोटो कोणी काढलेला नसतो.

तेव्हा निदान काय आठवायचे हे तरी आपण ठरवावे. एखाद्या संध्याकाळी फोन न उघडता आजीला विचारावे, ‘त्या सुट्टीत आम्ही कसे होतो?’ जे उत्तर मिळेल ते कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर सापडणार नाही.

मग करायचे काय?

टीव्ही गेमच्या काळात मर्यादा बाहेरून येत असे. टीव्ही एक होता, वीज जात असे, आजी ओरडत असे, मालिकेची वेळ होत असे. आज प्रत्येकाचा पडदा वेगळा आहे आणि तो कधीच तापून बंद पडत नाही. पुढच्या फेरीला बोलावणारी खूण सतत चमकत असते. मर्यादा आता आपली आपणच घालावी लागते, आणि हे काम आमच्या वयाला सर्वांत जड जाते.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेले कार्लो अकुतीस हे आमच्यासारखेच संगणकात रमणारे मूल होते. १९९१ साली जन्मलेल्या आणि २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या या मुलाला व्हिडिओ गेम आवडत. पण त्याने स्वतःसाठी आठवड्याला एक तास एवढीच मर्यादा ठरवून घेतली होती, असे त्याच्या आईने सांगितले आहे. खेळ वाईट म्हणून त्याने तो टाकला नाही. खेळाने आपल्याला ताब्यात घेऊ नये एवढीच त्याने काळजी घेतली. एक तास हा आकडा प्रत्येकाला जमेल असे नाही. पण मर्यादेमुळे खेळातली मजा संपत नाही, उलट वाट पाहण्याने ती वाढते, हे तर आम्ही त्या दोन रिमोटांच्या काळातच अनुभवले आहे.

वाचकहो, आपल्या घरात आज सहा-सात वर्षांचे कोणी मूल असेल. आणखी पंधरा वर्षांनी तेही कँटीनमध्ये बसून ‘काय दिवस होते ते!’ म्हणणार आहे. तेव्हा त्याला काय आठवेल? जेवताना कोणी त्रास देऊ नये म्हणून हाती दिलेला मोबाइल आणि त्यात एकट्याने पाहिलेली चित्रे? की ताईने शेजारी बसून शिकवलेली एखादी चाल, दादाने हरल्यावर केलेला आरडाओरडा आणि आईने ‘मला पण एकदा खेळू दे’ म्हणून मागून घेतलेली पाळी? त्याच्या आठवणी आजच तयार होत आहेत आणि त्या बऱ्याच अंशी आम्हां मोठ्या भावंडांच्या हाती आहेत.

म्हणून येत्या सुट्टीत आम्ही काही जणांनी एक साधी गोष्ट ठरवली आहे. घरातील लहान भावंडांबरोबर खेळायचे ते एकाच पडद्यावर, पाळीपाळीने खेळायचे. पहिली पाळी मुलींची, आणि चहा खेळून उठलेल्याने करायचा. पडद्यावर कोणता खेळ असेल याला फारसे महत्त्व नाही. शेजारच्या घरांनीही करून पाहायला हरकत नाही. टीव्ही सपाट असला तरी चालेल, बसायला सतरंजी मात्र मोठी लागेल.